ही विभावरी कोण?

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक बाजारात आले आणि सभ्य मंडळींची झोप उडाली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींची घुसमट त्यात होती. कमावत्या मुलीच्या लग्नाची घाई नसलेले आईबापही होते. लेखिका विभावरी शिरूरकर. मजकुराला उत्तर देण्यापेक्षा ही बाई कोण, याचाच शोध जोरात. काहींना तर हा पुरुषच वाटला! (बाईला इतके कळते, हे पचावे कसे?) त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. टोपणनावाला भित्रेपणा म्हणणे मला पटत नाही. आडपडदा नावाला होता, मजकुराला नव्हता. १९८१ मध्ये मुंबईत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष याच मालतीबाई होत्या.