उत्तर देण्याआधी

सहम शहरासकट ओमानच्या सगळ्या बातिना किनाऱ्यावर इबादी आणि सुन्नी मुसलमान शेजारी राहतात. या देशात दोन्ही पंथांचे लोक एकाच मशिदीत, एकाच रांगेत नमाज पढतात. इबादी हात सरळ खाली सोडून उभा राहतो, शेजारचा सुन्नी बहुधा हात बांधून. योग्य पद्धत कोणती, हा वाद जुना आहे आणि अजून मिटलेला नाही; पण त्यापायी कोणी रांग सोडून जात नाही. इथे नोकरी-धंद्यासाठी आलेल्या आपण मराठी माणसांनी यातून एक गोष्ट उचलावी. मोकळे मन ठेवायला आपले मत सोडावे लागत नाही. समोरच्याची श्रद्धा त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडता यावी आणि मगच तिला उत्तर द्यावे, एवढेच ते मागते.

हे न केल्याचे फळ एप्रिल 2020 मध्ये दिसले. कोरोनाच्या साथीचा दोष मुसलमानांवर टाकणारे संदेश भारतातून आखातापर्यंत फिरले आणि तसे लिहिणाऱ्या काही भारतीयांच्या आखातातल्या नोकऱ्या गेल्या. त्याच दिवसांत ओमानच्या राजघराण्यातील सय्यिदा मोना बिंत फहद यांच्या नावाने, भारतीय कामगारांना देशाबाहेर काढण्याचा इशारा देणारे ट्विट पसरले. ते खाते बनावट निघाले. खुलासा त्यांना स्वतःला करावा लागला. असा मजकूर खपतो, कारण समोरचा समाज कसा आहे हे वाचणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. मग शहानिशा करावीशी वाटत नाही.

यावर अनुभवी मंडळी सांगतात, परमुलखात धर्माचा विषयच काढू नये. सल्ला व्यवहाराचा आहे. ओमानच्या 2011 च्या सायबर गुन्हे कायद्यात धार्मिक मूल्यांना बाधा आणणाऱ्या मजकुराला तुरुंगवासाची शिक्षा आहे. पण कायद्याच्या धाकाने तोंड बंद होते, मनातला ग्रह तसाच राहतो आणि घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड होऊन बाहेर पडतो. दुसरा आक्षेप असा, की दुसऱ्याचे इतके ऐकून घेतले तर आपली श्रद्धा डळमळेल. पण सोळाव्या शतकात संत एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यातला तुर्क मूर्तिपूजेवर तुटून पडतो. हिंदू उलट विचारतो, देव सगळीकडे आहे तर पश्चिमेकडेच तोंड का? नाथांनी तुर्काच्या तोंडी लेचेपेचे आरोप घातले नाहीत, त्याला त्याचे पुरते बळ दिले. शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. म्हणून नाथांची भक्ती उणावली, असे कोण म्हणेल?

खोटी बातमी आणि द्वेष यांना मात्र आधी समजून घेण्याची ही सवलत नाही. खोट्याला खोटे म्हणायलाच हवे, पुराव्यासह आणि तत्काळ. श्रद्धेचा प्रश्न वेगळा. तिथे उत्तर टाइप करण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहा आणि त्याला विचारा, “तुम्हाला हेच म्हणायचे आहे ना?” तो “हो” म्हणाला, की खुशाल वाद घाला.