पापलेट केवढं असावं?

गेल्या महिन्यात आम्ही चौघं करंजाड्यातल्या एका हॉटेलात वाढदिवसाचे मासे खायला गेलो. पापलेट थाळी मागवली. ताटात आलेलं पापलेट जेमतेम तळहाताएवढं! गंमत म्हणून कंपासमधली १५ सेंटिमीटरची पट्टी काढून मोजलं, तर शेपटीसकट ११ भरलं. तळल्यावर मासा थोडा आकसतो हे धरलं, तरी ते पिल्लूच होतं. सगळे हसलो आणि चवीने खाल्लंही.

पण मित्रांनो, महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला. पापलेटचा आहे १३५ मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचं नाही. त्याच वर्षी पापलेटला 'राज्य मासा' म्हणून मानही मिळाला. म्हणजे कागदावर मान आणि तव्यावर पिल्लं!

कोळ्यांसाठी नियम आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला, दोन महिने कमाई बंद. हॉटेलच्या मेनू कार्डावर मात्र पापलेट बारा महिने. गिऱ्हाईक मागतं म्हणून हॉटेलवाला ठेवतो, तो घेतो म्हणून बाजारात भाव मिळतो आणि भाव मिळतो म्हणून जाळ्याचे आस बारीक होतात. अंडी घालण्याआधीच मासा संपला, तर पुढच्या वर्षी जाळ्यात येणार काय?

कोणी म्हणेल, मोठं पापलेट आपल्या खिशाला परवडत नाही. अगदी मान्य, म्हणूनच आपण छोटं मागवतो. मग बांगडा खाऊया ना! पावसाळ्यात सुके बोंबील आहेत, जवळा आहे. जवळा मुळातच लहान, तो कोणाचं पिल्लू नाही. आपल्या आज्या हेच करत आल्या, त्यात नवीन काहीच नाही.

हॉटेलवाल्यांनी छापील कार्डाऐवजी दारात फळा लावावा आणि त्यावर त्या दिवशी मिळालेला मासा लिहावा. किमान आकाराहून लहान मासा विकतच घेऊ नये. एवढं अवघड नाही.

आणि आपण? ऑर्डर देण्याआधी फक्त विचारायचं, "काका, पापलेट केवढं आहे?" एकाने विचारलं तर वेटरकाका हसतील. रोज दहा जणांनी विचारलं, तर मालक बाजारात जाऊन तोच प्रश्न विचारेल. पट्टी तर आपल्या सगळ्यांच्याच बॅगेत असते!