सालाची पारध आणि रानांतलें न्यायासन

वैशाखी पौर्णिमा जवळ आली कीं दरसाल एक बातमी छापून येते. बंगाल्यांतील पुरुलिया जिल्ह्यांत अयोध्या नांवाचा डोंगर आहे. तेथें संताळ लोक तीरकामठे घेऊन शिकारीस जमले, पोलिसांनीं व जंगलखात्यानें नाकेबंदी केली, एवढें सांगून बातमी संपते. वाचणारा शहरी गृहस्थ चहाचा घोट घेतां घेतां “जंगलीच ते!” असें म्हणतो आणि पान उलटतो. आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांनीं मात्र पान उलटूं नये, अशी आमची विनंति आहे. जंगली, अडाणी, अक्षरशत्रु हीं विशेषणें आमच्या बापजाद्यांसही ह्याच तोंडांतून मिळालेलीं आहेत. तेव्हां ज्याला जग नांवें ठेवितें त्याच्या अंगणांत एकदां जाऊन बसावें आणि मग काय तें बोलावें, हें बरें.

संताळी बोलींत शिकारीस सेंद्रा म्हणतात. सालांतून एकदां, उन्हाळ्याच्या दिवसांत होणारी ही मोठी पारध. तिचा पुढारी तो डिहरी. तो संताळच असतो. त्याला जानवें नाहीं, पंचांग नाहीं, संस्कृत मंत्र नाहींत. रानदेवतेपुढें तो आपल्या मायबोलींत बोलतो आणि देवतेस तें कळतें. पारधीचा दिवस ठरला कीं सालवृक्षाची डहाळी गांवोगांव फिरते. जितके दिवस उरले तितकीं पानें डहाळीवर ठेवावयाचीं आणि रोज एक खुडावयाचें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यासही ही निमंत्रणपत्रिका वाचतां येते, आणि ती वाचून दाखविण्याबद्दल कोणास दक्षिणा द्यावी लागत नाहीं.

डहाळी आली कीं घरोघर तयारी सुरू होते. कामठा बांबूचा, त्याची दोरीही बांबूच्याच चिरलेल्या कांबीची. बाणाच्या टोंकाचें पातें लोहारानें घडविलेलें. तांदूळ-मीठ गांठोड्यांत बांधून लोक निघतात. बाप मुलाला घेतो, मामा भाच्याला घेतो, एका गांवचा सोबती दुसऱ्या गांवच्या सोबत्याची वाट पाहतो. पुरुलिया जिल्हा १९५६ सालीं बिहारांतून बंगाल्यांत गेला, झारखंड २००० सालीं निराळा झाला; कागदावरच्या ह्या रेघा डोंगरानें पाहिल्या नाहींत आणि पारध्यांनींही मानल्या नाहींत. झारखंड, ओडिशा व बंगाल ह्या तिन्ही मुलखांतले संताळ एका डोंगरावर येतात. दिवसां रान हांकावयाचें. संध्याकाळीं पाण्याजवळच्या मोकळ्या जागीं उतरावयाचें. चुली पेटतात, ढोल वाजतो, गाणीं होतात. वर्षभर न भेटलेले व्याही भेटतात, पोरांच्या सोयरिकींच्या गोष्टी निघतात. कोणत्या झाडाची साल कशावर चालते, कोणत्या ओढ्याला वैशाखांतही पाणी असतें, हें पोरगें बापाच्या पाठीमागें चालतां चालतां शिकतें.

परंतु आम्हांस ह्या मेळ्याविषयीं लिहावेंसें वाटलें तें बाण व ढोल ह्यांकरितां नव्हे. रात्र झाली कीं त्याच जागीं जी बैठक बसते तिच्याकरितां. तिला लो बीर बैसी म्हणतात. संताळांच्या गांवांत मांझी हा मुखिया; कित्येक गांवांवर परगणा हा वरचा मुखिया. गांवचा तंटा मांझी तोडतो, गांवागांवांतला तंटा परगणा तोडतो. पण मांझीनेंच लबाडी केली तर? परगण्यानेंच एका पक्षाचें मीठ खाल्लें तर? त्यावर तोड म्हणून ही सालाची बैठक आहे. तेथें मांझीवर फिर्याद चालते, परगण्यावरही चालते. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्यानें उभें राहून बोलावें, जमलेल्या लोकांनीं ऐकावें, आणि अध्यक्षपण डिहरीनें करावें. त्याहून वरचें न्यायासन संताळांत नाहीं. म्हणजे जो वर्षभर दुसऱ्यांचा न्याय करितो त्याचा न्याय वर्षांतून एका रात्रीं सर्वांनीं मिळून करावयाचा, हा ह्या “जंगली” लोकांचा कायदा आहे!

आतां आमच्या गांवांकडे पाहूं. आमची जत्रा दरसाल भरते. पालखी निघते, कुस्त्या होतात, तमाशा होतो, बोकडांचीं जेवणें होतात. त्या गर्दींत सरपंच असतो, सोसायटीचा चेअरमन असतो, कारखान्याचा संचालक असतो. मानाचा नारळ व मानाचा फेटा त्यांस मिळतो. गायरानाचें काय झालें, पाणीपट्टीचा हिशेब कोठें आहे, खताच्या गाडीवर कोणाचीं नांवें चढलीं, हें त्या दिवशीं त्यांस कोणी विचारितो काय? ग्रामसभेची तरतूद कायद्यांत आहे; पण कित्येक ठिकाणीं ती वहींतल्या सह्यांपुरतीच उरली आहे, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. मग सुधारलेला कोण आणि जंगली कोण, ह्याचा निवाडा ज्याचा त्यानें आपल्या मनाशीं करावा.

ह्या पारधीवर मोठा आक्षेप असा कीं, तिनें रानें ओस पडतात. आक्षेप खोटा नाहीं. पण अपुरा आहे. रानें ओस कोणीं पाडलीं ह्याची जमाखर्चाची वही उघडली तर पहिल्या पानावर संताळाचें नांव सांपडत नाहीं. १९११ सालीं इंग्रजांचा बादशहा पांचवा जॉर्ज दिल्लीचा दरबार आटोपून नेपाळच्या तराईंत शिकारीस गेला. त्याच्या मंडळीनें थोड्या दिवसांत ३९ वाघ व १८ गेंडे मारिले. त्याला कोणीं जंगली म्हटलें नाहीं. त्याच्या तसबिरी दिवाणखान्यांत लागल्या. ह्या देशांतले शेवटचे म्हणून नोंदले गेलेले तीन चित्ते १९४७ सालीं पडले ते कोरिया संस्थानच्या राजाच्या बंदुकीनें, बांबूच्या बाणानें नव्हे. पुढें २०२२ सालीं सरकारास आफ्रिकेंतून विमानानें चित्ते आणावे लागले. रेल्वेच्या रुळांखालीं घालावयास साल तोडला, खाणींसाठीं डोंगर पोखरले, तेही बाणानें नव्हे. आणि ज्या जंगलखात्यानें पारध्याला चोर ठरविलें त्याच खात्यानें शेतकऱ्याचीं कुरणें कशीं गिळलीं, ह्याचें गाऱ्हाणें जोतीरावांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत मांडलें आहे. कुणबी व संताळ ह्यांचा घाव एकच आहे.

१९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला व शिकारीस बंदी आली. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला; त्यानें रानांत राहणाऱ्यांचे पुष्कळ जुने हक्क मान्य केले, परंतु शिकारीचा हक्क नांव घेऊन वगळला. कायद्याचा हेतु आम्हांस मान्य आहे. रान उरलें नाहीं तर रानांत राहणाराही उरणार नाहीं. परंतु राजे-महाराजांनीं पोटभर जेवून ताट रिकामें केल्यावर शेवटच्या पंगतीला “आतां उपास करा” असें सांगणें, ह्यांत न्याय किती आणि सोय किती, हें सांगणाऱ्यानें एकदां तरी बोलून दाखवावें. एकलव्याचा अंगठा मागतांना द्रोणाचार्यांनींही धर्माचेंच नांव घेतलें होतें.

इतकें बोलून आम्ही थांबलों तर ती खुशामत होईल, आणि खुशामत करणें हें आमचें काम नव्हे. पारधीतले दोष आम्ही झांकून ठेवणार नाहीं.

पहिला दोष हत्येचा. पूर्वीं रान अफाट होतें, माणूस थोडा होता. आज रान मूठभर आहे आणि मोटारींतून येणारा माणूस हजारोंनीं आहे. त्यांत पारधी किती आणि गंमत पाहणारे किती, हें डिहरीसही सांगतां येणार नाहीं. २०१८ सालीं एप्रिल महिन्यांत, शिकारीच्याच दिवसांत, पश्चिम मेदिनीपूरच्या रानांत एक पट्टेदार वाघ भाल्यांनीं भोसकलेला सांपडला. पुढल्याच सालीं कलकत्त्याच्या उच्च न्यायालयानें अशा शिकारी थांबविण्याबद्दल सरकारास बजाविलें. कुटुंबाच्या तोंडीं लागणारा ससा आणि शेवटल्या कांहीं वाघांतला एक वाघ, ह्यांत फरक आहे. तो फरक जुन्या पारध्यास कळत होता. गमतीला आलेल्या पोरास कळत नाहीं.

दुसरा दोष बायकांचा. मोठ्या पारधीस बायांनीं जावयाचें नाहीं. घरीं राहून, नेमधर्म पाळून पुरुषांची वाट पाहावयाची. ज्या बैठकींत मुखियावर फिर्याद चालते तेथें अर्धें गांव गैरहजर, हें न्यायासन लंगडें होय. शेजारच्या उरांव लोकांत दर बारा वर्षांनीं बायकाच पुरुषांचा वेष करून, हत्यारें घेऊन शिकारीस निघतात. रोहतासगडावर शत्रु आला असतां बायांनीं तो गड लढविला, त्याची ही आठवण म्हणून ते सांगतात. जी बाई गड लढवूं शकते ती बैठकींत बसूं शकत नाहीं, हें कोणत्याही देवतेनें सांगितलेलें नसावें.

तिसरा दोष बहिष्काराचा. जातीबाहेर संबंध ठेवणाऱ्यास बिटलाहा म्हणजे वाळींत टाकण्याची शिक्षा संताळांत आहे, आणि तिला ह्याच बैठकीची संमति लागे. घराची विटंबना करून माणसास गांवांतून उठविणें हा न्याय नव्हे. पण येथेंही आम्हीं नाक वर करूं नये. आमच्याकडे जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्र सरकारास २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराचा कायदा करावा लागला; तो संताळांकरितां केलेला नव्हता.

मग करावें काय? आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. हत्या थांबावी, मेळा थांबूं नये. आणि हत्या थांबविण्याचा ठराव पोलिसाच्या काठीनें नव्हे, तर त्याच लो बीर बैसींत संताळांच्या तोंडून व्हावा. जी बैठक परगण्यास शासन करूं शकते ती आपल्या पोरांच्या बाणासही आवर घालूं शकेल. सरकारानें त्या रात्रीं नाके बसविण्याऐवजीं बैठकींत जाऊन बसावें, रानाच्या राखणीचा अधिकार व मोबदला त्याच गांवांस द्यावा, आणि मग निकाल पाहावा.

“शिकारच नाहीं तर पारध कसली?” असें कोणी विचारील. त्यास आम्ही दसऱ्याची आठवण देतों. आमचे पूर्वज दसऱ्याला शीव ओलांडीत ते मुलूखगिरीस निघण्याकरितां. आज आम्ही शीव ओलांडतों, आपट्याचीं पानें सोनें म्हणून वांटतों, वडील माणसांच्या पायां पडतों आणि घरीं येतों. लूट गेली, दसरा गेला काय? उलट गोड झाला. तसाच सेंद्राही निशाणावर बाण मारून, ढोल वाजवून, न्याय करून पुरा होईल. कामठ्याची विद्या मात्र मरूं देऊं नये. राजस्थानांतला लिंबाराम हा आदिवासी पोरगा लहानपणीं बांबूच्या कामठ्यानें पांखरें टिपीत असे. १९८७ सालीं परीक्षा घेणाऱ्यांची नजर त्याच्यावर गेली, आणि पुढें तो तीन ऑलिंपिकांत देशातर्फे उभा राहिला. ह्या वेळीं अंगठा कोणीं मागितला नाहीं, म्हणून हें घडलें.

“आणि आमच्या मक्यांत रात्रीं डुकरें शिरतात त्याचें काय?” असें आमचा शेतकरी बंधु विचारील. प्रश्न रास्त आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबद्दल परवानगी देण्याची तरतूद १९७२ च्या कायद्यांतच आहे. ती कागदावर न ठेवतां वेळेवर मिळावी आणि नुकसानीचा पैसा पुढल्या पेरणीच्या आंत हातांत पडावा, ह्यासाठीं आपण जरूर भांडूं. पण पिकाची राखण निराळी व गमतीची हत्या निराळी. एकीच्या आडोशानें दुसरी चालवूं नये.

शेवटीं आमच्या घरांतल्या माणसांस एक मागणें आहे. येत्या जत्रेंत, पालखी देवळांत गेल्यावर आणि तमाशाचा पडदा वर जाण्यापूर्वीं, दोन तास मोकळे ठेवा. देवळापुढें सतरंजी अंथरा. सरपंच, चेअरमन, पुढारी ह्यांस लोकांच्या बरोबरीनें खालीं बसवा. आयाबहिणींस पुढें बसवा, आणि ज्याला विचारावयाचें असेल त्याला निर्भयपणें विचारूं द्या. उत्तर मिळालें तर देवाचा भंडारा उधळा. उत्तर न मिळालें तर पुढल्या साली तोच प्रश्न पुन्हां विचारा. हें आपणांस कोणा पंडिताकडून शिकावयाचें नाहीं. पुरुलियाच्या डोंगरावर, सालाच्या झाडाखालीं बसलेल्या आपल्याच भाऊबंदांकडून शिकावयाचें आहे.