चोर सापडल्यानंतर काय?



या सदरात मी एरवी बियाणे, खते, कीड-रोग यांच्याविषयी लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो टीव्हीवरच्या एका मालिकेचा आहे आणि विहिरीवरच्या एका पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीचाही आहे. मोटारीपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागेल, तेवढा धीर धरावा.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी ‘सीआयडी’ पाहिली गेली असेल. १९९८ साली सुरू झालेली ही मालिका २०१८ पर्यंत चालली आणि २०२४ अखेर पुन्हा पडद्यावर आली. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न आणि दरवाजे तोडणारा दया आमच्या गावातल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. शेवटी गुन्हेगार सापडतो, त्याला एक सणसणीत चपराक बसते, तो सगळे घडाघडा कबूल करतो आणि मालिका संपते. आपणही समाधानाने जेवायला उठतो.

माझी धाकटी मुलगी कायद्याचे शिक्षण घेते. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली होती. एके रात्री ती म्हणाली, “आप्पा, तुमची सीआयडी जिथं संपते ना, तिथं या मालिकेचा निम्माच भाग झालेला असतो. बसा जरा, पाहा.” तिने आपल्या संगणकावर एक अमेरिकन मालिका लावली. तिचे नाव ‘लॉ अँड ऑर्डर’. इंग्रजी भरभर होते, पण मुलगी मधे मधे सांगत होती. दोन भाग पाहायला बसलो आणि त्या सुटीत वीस-बावीस भाग पाहून झाले.

ही मालिका डिक वुल्फ नावाच्या निर्मात्याची. १३ सप्टेंबर १९९० रोजी ती अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. २०१० पर्यंत तिचे ४५६ भाग झाले. मग बारा वर्षांची खाडाखोड पडली आणि २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली. सगळे कथानक न्यूयॉर्क शहरातले, आणि चित्रीकरणही त्याच शहराच्या रस्त्यांवर केलेले. पुष्कळ कथांचे बीज वर्तमानपत्रातल्या खऱ्या बातम्यांत असते.

तिची मांडणी अगदी साधी आहे. पहिल्या निम्म्या भागात पोलीस तपास करतात. जेरी ऑरबाख या नटाने केलेला लेनी ब्रिस्को हा पोक्त हवालदारी वळणाचा गुप्तहेर १९९२ पासून २००४ पर्यंत त्यात होता. तो दरवाजे तोडत नाही. तो दुकानदाराला, शेजाऱ्याला, चौकीदाराला विचारत फिरतो आणि वहीत टिपत राहतो. मग आरोपी पकडला जातो, आणि आपल्याला वाटते की संपले. पण तिथून दुसरा निम्मा भाग सुरू होतो, तो सरकारी वकिलांचा. सॅम वॉटरस्टन यांनी १९९४ पासून रंगवलेला जॅक मॅकॉय हा त्यांतला सर्वांत गाजलेला वकील. पोलिसांनी आणून दिलेली प्रत्येक गोष्ट कोर्टात टिकेल का, हे तो तपासून पाहतो, आणि पुष्कळदा ती टिकत नाही.

आपण शेतकरी माणसे, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. पोलिसांचा तपास म्हणजे पेरणी आणि कोर्टातला खटला म्हणजे सुगी. पेरणी झाली की माल घरात आला, असे तुमच्यापैकी कोणी म्हणणार नाही. मधे पाऊस आहे, अळी आहे, गारपीट आहे. आणि पेरतानाच बी उथळ पडले असेल, तर सुगीला कितीही राबून उपयोग नाही.

त्या मालिकेत एक प्रसंग वेगवेगळ्या रूपांत वारंवार येतो. पोलिसांना हत्यार सापडते, पण त्यांनी घराची झडती परवान्याशिवाय घेतलेली असते. किंवा आरोपीने कबुली दिलेली असते, पण गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा त्याला हक्क आहे हे त्याला सांगितलेलेच नसते. मग न्यायाधीश तो पुरावा बाजूला काढतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा झडतीतल्या पुराव्याबद्दल १९६१ साली आणि कबुलीबद्दल १९६६ साली जे निकाल दिले, त्यांतून हे नियम घट्ट झाले.

असा एक भाग पाहताना आमच्या सौभाग्यवती चिडून म्हणाल्या, “म्हणजे एवढं करून चोर सुटला की! कसला मेला कायदा हा!”

मी काही बोललो नाही. मला ती मोटार आठवली होती.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एका आडवळणाच्या तालुक्यात नोकरीला होतो. तिथल्या एका वयस्कर शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटार, स्टार्टर आणि शंभर-सव्वाशे फूट केबल एका रात्रीत चोरीला गेली. ऐन उन्हाळा, आणि दीड एकर ऊस उभा. तात्यांनी (आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणत असू) पोलिसांत तक्रार दिली. आठ-दहा दिवसांनी मला निरोप आला की पंच म्हणून पोलीस ठाण्यात या. सरकारी नोकर पंच असला की बरे पडते, म्हणून मला बोलावले होते.

मी संध्याकाळी गेलो. मोटार आधीच आणून व्हरांड्यात ठेवलेली होती. कोपऱ्यात शेजारच्या वाडीतला एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा मान खाली घालून बसला होता. टेबलावर पंचनामा लिहून तयार होता. मला म्हणाले, “साहेब, इथं सही करा.” माझी शेवटची एसटी पावणेसातला होती. मी सही केली आणि निघालो. काय लिहिले आहे ते वाचले नाही. चोर सापडला, मोटार सापडली, आता काय वाचायचे, असे मला वाटले. सीआयडीच्या प्रेक्षकाला वाटते तसेच.

तीन वर्षांनी तालुक्याच्या कोर्टाचे समन्स आले. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावर मला कळले की मी कशावर सही केली होती. त्या मुलाने पंचांसमोर सांगितले की मी मोटार लपवली आहे ती काढून देतो. मग तो आम्हां सर्वांना आपल्या वाडीवर घेऊन गेला आणि कडब्याच्या गंजीतून त्याने मोटार काढून दिली. हे सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले, असे त्यात लिहिले होते.

आरोपीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला. “साहेब, तुम्ही त्या गंजीपाशी गेला होता काय?”

शपथ घेतलेली होती. मी म्हणालो, “नाही.”

दुसरा पंच कोर्टात आलाच नाही. खटल्यात बाकी फारसे काही उरले नव्हते. मोटारीची पावती तात्यांकडे नव्हती, मोटारीचा नंबर तक्रारीत नव्हता. न्यायाधीशांनी संशयाचा फायदा देऊन मुलाला सोडले.

बाहेर वडाच्या झाडाखाली तात्या बसले होते. मी जवळ गेलो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, आज तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशीच खरं का नाही बोललात?”

बंधूंनो, या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. तो मुलगा चोर होता की नव्हता, हे मला अजून कळलेले नाही. चोर असेल, तर माझ्या न वाचता केलेल्या सहीने तो सुटला. चोर नसेल, तर त्याच सहीच्या जोरावर निरपराध पोराच्या आयुष्याची तीन वर्षे तारखांत गेली. दोन्हीकडून दोष माझ्याकडेच येतो. ती मोटार तीन वर्षे ठाण्याच्या आवारात पावसात गंजत पडली, आणि तात्यांचा दीड एकर ऊस त्याच उन्हाळ्यात वाळून गेला.

मुलीला मी हे सांगितले तेव्हा तिने त्यामागचा कायदा नीट उलगडून दाखवला. तो तुम्हालाही कळावा म्हणून आज लिहीत आहे.

आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तसे कलम होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. म्हणजे टीव्हीवरच्या चपराकीनंतरची कबुली कोर्टात मातीमोल. कारण उघड आहे. मारून मुटकून कोणाकडूनही काहीही कबूल करून घेता येते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर त्या वस्तूशी थेट संबंधित तेवढे बोलणे ग्राह्य धरतात. म्हणून तर गंजीतून मोटार काढून देण्याला एवढे महत्त्व होते, आणि म्हणूनच पंचाचे पाय त्या गंजीपर्यंत जायला हवे होते.

अमेरिकेतल्या आणि आपल्या पद्धतीत फरक पुष्कळ आहे. त्या मालिकेत निकाल बारा सामान्य नागरिकांची ज्युरी देते, आणि त्या बाराही जणांचे एकमत व्हावे लागते. आपल्याकडे ज्युरी होती. १९५९ च्या मुंबईतल्या नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नौदल अधिकारी नानावटींना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने ते फिरवून जन्मठेप दिली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच राहिली नाही. आणखी एक फरक असा की न्यूयॉर्कचा मुख्य सरकारी वकील लोकांच्या मतांवर निवडून येतो, आपल्याकडे सरकार नेमणूक करते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची, आणि वाजवी शंका उरली तर फायदा आरोपीचा.

मालिका शेवटी मालिकाच. तिथे तासाभरात खून, तपास आणि निकाल उरकतो. आपल्याकडे तेवढ्या वेळात तारखेचा पुकारासुद्धा होत नाही. तरीही ती मालिका पाहून मला समाधान वाटले, कारण कधी कधी तिच्यात सरकार पक्ष हरतो आणि का हरला ते प्रेक्षकाला कळते.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो. कागदावर उतरवून घ्या.

पहिली गोष्ट. मोटार, स्टार्टर, फवारणी पंप, ट्रॅक्टरची बॅटरी, जे काही विकत घ्याल त्याची पक्की पावती जपून ठेवा. मोटारीवरच्या पट्टीवरचा नंबर वहीत लिहा, आणि पट्टी उखडली तरी ओळख पटेल अशी एखादी खूण बॉडीवर ठोकून घ्या. तक्रारीत हा नंबर आणि ही खूण आवर्जून लिहायला सांगा.

दुसरी. घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. दखलपात्र गुन्ह्याच्या खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागून घ्या आणि वाचून घ्या. नोंद करायला नकार मिळाला, तर तीच हकीकत लेखी स्वरूपात टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही काही झाले नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तिसरी. सापडलेला माल खटला संपेपर्यंत ठाण्यात कुजवायची गरज नाही. सुपुर्दनाम्यावर तो परत मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करता येतो. मुद्देमाल ठाण्यात विनाकारण पाडून ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले आहे. तात्यांना हे त्या वेळी कोणी सांगितले नाही. मलाही ठाऊक नव्हते.

चौथी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. पंच म्हणून बोलावले तर जरूर जा. टाळू नका. पण जिथे जायचे आहे तिथे स्वतः जा, डोळ्यांनी पाहा, लिहिलेले वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि जे पाहिले तेवढ्यावरच सही करा. नव्या कायद्याने झडती आणि जप्तीचे मोबाईलवर चित्रीकरण करणे सांगितले आहे, पंचांच्या सह्यांसकट. ही चांगली गोष्ट आहे. पण मोबाईल आहे म्हणून पंचाने डोळे मिटावेत असे नाही.

तात्या आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा कधी कधी कपाशीच्या बोंडअळीबद्दल विचारायला फोन करतो. गेल्या महिन्यात त्याने नवी मोटार घेतली. मी पहिला प्रश्न विचारला तो नंबर लिहून ठेवला का, हा. तो म्हणाला, “ठेवलाय साहेब, दोन ठिकाणी.” मला बरे वाटले.

पुढच्या आठवड्यात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल लिहीन. तुरीला कळी लागली असेल तर तोवर रोज सकाळी शेतात एक चक्कर मारत राहा.