वकिलाकडे जाण्याआधी



"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपल्याकडे फार मानतात. म्हण खोटी नाही. पण वकिलाला नुसते विचारायलाही जाऊ नये, असा तिचा अर्थ लावला की नुकसान होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हंगाम सुरू झाला की नसरापूर भागातून आमच्या शेतकी खात्याकडे एक तक्रार हमखास येते. टोळी फडात उतरली आणि शेजाऱ्याने गाडीवाट अडवली! "साहेब, तुम्ही जरा सांगून बघा." आम्ही सांगून बघतो. कधी जमते, कधी नाही. तुटलेला ऊस मात्र बांधावर वाळतो आणि वजन घटते.

एका सभासदाच्या वहिवाटीच्या रस्त्यावर शेजाऱ्याने अक्षय तृतीयेच्या सुमारास चर खणला. "हंगामाला अवकाश आहे, तोवर समजेल त्याला," म्हणून हे थांबले, ते पौषात आमच्याकडे आले. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली असा अडथळा काढून घेण्यासाठी तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ती मुदत टळली होती. उरले ते जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली हद्दीवरून रस्ता मागणे, नाहीतर दिवाणी कोर्ट. यात चूक आमचीही आहे. पावसाळ्यात ऊसनोंदीच्या फेरीत तो चर आमच्या नजरेस पडला होता. आम्ही विचारले नाही.

म्हणून वाट अडली की लगेच वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि जाताना तयारीने जावे. एका कागदावर तारीखवार हकीकत लिहावी: वाट कधीपासूनची, कोणी अडवली, कोणत्या दिवशी, कोणासमोर. चालू सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत किंवा वाटणीपत्र, गटाचा नकाशा आणि मोजणी झाली असल्यास तिची प्रत सोबत घ्यावी. नोटीस आली असेल तर पाकीटही जपावे. कारखान्याच्या मागील हंगामांच्या वजनपावत्या टाकून देऊ नयेत. आपला ऊस गेला एवढे त्या सांगतात. कोणत्या वाटेने गेला ते सांगायला गाडीवान लागेल, त्याचे नाव लिहून ठेवावे.

वकिलाला झेरॉक्स द्याव्यात, अस्सल कागद घरी ठेवावेत. कोऱ्या कागदावर सही करू नये. फी आधी विचारावी, पावती मागावी. आणि आपली बाजू लंगडी असेल तीही सांगावी. आपणही बांध कोरला असेल तर ते वकिलाला समोरच्याकडून कळू नये.

पैशाची अडचण असेल तर भोरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळू शकतो.

सामोपचार जरूर करावा, पंच बसवावेत. शेजार जन्माचा असतो. पण बोलणी चालू आहेत म्हणून कायद्याची मुदत थांबत नाही. वाट अडली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि आमच्या गट कार्यालयालाही कळवा. या खेपेस आम्ही विचारायचे राहणार नाही.