'सिंधु भैरवी'चा युक्तिवाद सुरांत आहे

के. बालचंदर यांच्या 'सिंधु भैरवी' या १९८५ सालच्या तमिळ चित्रपटाची चर्चा निघाली की ती एका प्रसंगापाशी येऊन थांबते. जेकेबी हा नामवंत कर्नाटक गायक सभेत गात असतो आणि श्रोत्यांचे लक्ष उडालेले असते. सिंधू नावाची तरुणी उभी राहून त्याला सुचवते की लोकांना कळेल अशा भाषेत, तमिळमध्ये गा. मग तूच गाऊन दाखव, असे आव्हान तिच्यापुढे येते आणि ती गाते. हे गाणे म्हणजे 'पाडरियेन पडिप्परियेन'. या प्रसंगाकडे आजवर भाषेचा वाद म्हणून पाहिले गेले आणि संवादांवरून पाहता तो तसा आहेही. पण संवादांत मांडलेला मुद्दा अर्धाच आहे. सभेत गायले जाणारे संगीत आणि शेतात गायले जाणारे गाणे एकाच मुळाचे आहे, हा उरलेला आणि जास्त मोलाचा मुद्दा इलैयाराजांनी चालीतून मांडला. तिथे तो नुसता मांडलेला नाही, तर कानांदेखत सिद्ध केला आहे. चित्रपटाच्या संगीताने पटकथेपेक्षा खोल विचार केल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत. हे त्यांतले एक आहे, म्हणून ते बारकाईने ऐकायला हवे.

आधी हा वाद आला कुठून ते पाहू. तमिळ मुलखातल्या संगीताची भाषा तेलुगू आणि संस्कृत झाली याची कारणे तंजावरच्या इतिहासात आहेत. तिथे आधी तेलुगूभाषक नायकांचे राज्य होते, मग १६७०च्या दशकात व्यंकोजींनी मराठ्यांचे राज्य आणले. पण कलेच्या दरबारी व्यवहारात तेलुगूचा मान टिकून राहिला. ज्यांच्या कृतींवर आजची कर्नाटक मैफल उभी आहे ते त्यागराज (१७६७–१८४७) याच मराठा राज्यातल्या तिरुवैयारूत राहिले. शरभोजीराजांचे दरबारी निमंत्रण त्यांनी नाकारल्याची कथा प्रसिद्धच आहे. त्यांची रचना तेलुगूत आहे, मुत्तुस्वामी दीक्षितरांची मुख्यतः संस्कृतात. विसाव्या शतकात मद्रासच्या सभांमध्ये मैफलीची चौकट पक्की झाली, तेव्हा तमिळ पदांना जागा मिळाली ती शेवटच्या 'तुक्कडा' भागात, म्हणजे मुख्य राग आणि मुख्य कृती आटोपल्यावरच्या हलक्याफुलक्या रचनांत. सुब्रह्मण्य भारतींनी आपल्या गद्यलेखनात याबद्दल नाराजी नोंदवली. पुढे राजा सर अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने तमिळ इसै चळवळ उभी राहिली आणि १९४३मध्ये मद्रासमध्ये तमिळ इसै संगम स्थापन झाला. कल्की आणि राजाजी यांच्यासारखी माणसे बाजूने होती, तर भाषेच्या आग्रहापायी संगीताचा दर्जा खालावेल असे म्हणणारे विद्वान विरोधात. बालचंदरांनी चार दशके जुने हे भांडण पडद्यावर आणले. गाणे ऐकताना ही पार्श्वभूमी ठाऊक असावी, कारण इलैयाराजांनी यातल्या कोणत्याच बाजूची चाल बांधलेली नाही.

वैरमुत्तु यांच्या शब्दांतली नायिका सांगते की मी शाळा पाहिली नाही, संगीताचे व्याकरण शिकले नाही आणि त्यामुळे डोक्यात हवाही गेलेली नाही. अर्थ सुटला की भाव सुटतो, असे ती म्हणते आणि झोपडवस्तीपर्यंत पोहोचेल असेही गाणे गा, अशी विनवणी करते. चालीचा बाज थेट गावाकडचा आहे: लहान ओळी, बोलण्याला लागून असलेली लय, शब्दाला झोका देऊन पुढे जाणे. पण स्वर नीट ऐकले तर कळते की ही सारमती आहे. आपल्याकडच्या आसावरी थाटाचे स्वर, म्हणजे कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. आरोहात सातही स्वर येतात, अवरोहात पंचम आणि रिषभ गळतात आणि 'सा नि ध म ग सा' अशी उतरण होते. त्या गाळलेल्या स्वरांमुळे रागाला एक आर्जवी, थोडी विरक्त छटा येते. सिंधू व्याकरण येत नसल्याचे सांगत असते आणि तिच्या गळ्यातून एका रागाचे नियम पाळले जात असतात. मग गाणे वर चढत जाते, शब्द विरतात, स्वरांचे पुंजके सुरू होतात आणि त्यातूनच त्यागराजांची 'मरि मरि निन्ने' ही तेलुगू कृती उगवते. लोकगीत कुठे संपले आणि कृती कुठे सुरू झाली हे बोट ठेवून दाखवता येत नाही. लय तुटत नाही, षड्ज बदलत नाही, राग तोच राहतो. तमिळमध्ये गा म्हणून उठलेली मुलगी शेवटी त्यागराजांची तेलुगू कृती गाते, हे विसंगत वाटू शकेल. मला त्यातच गाण्याचा निष्कर्ष दिसतो. ऐकणाऱ्याला त्याच्या अंगणातून हाताला धरून आणले, तर तो त्यागराजांपर्यंत चालत येतो. तेलुगू हद्दपार करायची गरज पडत नाही.

हा निष्कर्ष कोणी काढला याला महत्त्व आहे. इलैयाराजा १९४३ साली आजच्या तेनी जिल्ह्यातल्या पन्नैपुरम या खेड्यात दलित कुटुंबात जन्मले. थोरले सावत्र भाऊ पावलर वरदराजन यांच्या फडाबरोबर ते गावोगाव फिरले. तो फड कम्युनिस्ट पक्षाच्या सभांमधून गाणारा होता. पुढे मद्रासला धनराज मास्तरांकडे त्यांनी पाश्चात्त्य संगीत शिकले आणि कर्नाटक पद्धतीचे शिक्षणही घेतले. १९७६च्या 'अन्नकिळी'पासून गावचे सूर त्यांनी तमिळ चित्रपटाच्या मध्यभागी आणले. 'सिंधु भैरवी'त कर्मठ गायकाचा आवाज आहे तो फोर्ट कोची इथल्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्या येसुदासांचा. चेंबै वैद्यनाथ भागवतरांसारख्या थोर गुरूंकडे ते शिकले आणि तरीही ज्या गुरुवायूरच्या कृष्णावर त्यांनी गाणी गायली त्याच्या मंदिरात त्यांना प्रवेश मिळाला नाही. तमिळचा आग्रह धरणाऱ्या सिंधूचा आवाज मल्याळी चित्रा यांचा. म्हणजे सभेचा दरवाजा कोणासाठी उघडा, हा प्रश्न ज्यांनी स्वतःच्या आयुष्यात पाहिला अशा लोकांच्या हातून हे गाणे घडले. यातला कोणी व्याकरणाला अनोळखी होता असेही नाही. याच चित्रपटातले 'कलैवाणिये' इलैयाराजांनी कल्याणीत, म्हणजे आपल्या यमनात, केवळ आरोही स्वरसंगतींवर बांधले आहे. संपूर्ण गाण्यात खाली उतरायचेच नाही, ही अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली. नियमांवर एवढी हुकमत असलेला माणूस 'झोपडवस्तीपर्यंत पोहोचेल असे गा' या शब्दांना चाल देतो, तेव्हा त्यामागे अज्ञान होते असे म्हणायला जागा उरत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप कृतीच्या रागाबद्दल आहे. 'मरि मरि निन्ने' ही कांबोजीतली कृती आहे. कांबोजीत शुद्ध गंधार, सारमतीत कोमल. प्रसन्न, भारदस्त रागातली विनवणी करुण रागात गेली. त्यागराजांनी शब्द आणि राग एकत्र घडवले असताना ते वेगळे करण्याचा अधिकार चित्रपटाच्या संगीतकाराला कोणी दिला, असे विचारले जाते. अन्नमाचार्यांच्या पदांना विसाव्या शतकात नव्या चाली दिल्या गेल्या, हे उत्तर इथे पुरत नाही, कारण त्यांच्या मूळ चाली हरवल्या होत्या आणि त्यागराजांच्या शिष्यपरंपरेने टिकवल्या आहेत. किंमत मोजावी लागली हेही खरे: चित्रपटाच्या असंख्य श्रोत्यांसाठी ही कृती कायमची सारमतीची झाली. तरीही मी इलैयाराजांच्या बाजूने आहे. त्यागराजांच्या काही कृतींचे राग वेगवेगळ्या शिष्यशाखांत वेगवेगळे सांगितले जातात, तेव्हा परंपरेलाही हा प्रकार अगदी परका नाही. दुसरे म्हणजे सभेत कांबोजी आजही गायली जाते, तिचे काही हिरावले गेले नाही. तिसरे कारण मला निर्णायक वाटते. कृती कांबोजीत ठेवली असती तर लोकगीत थांबवून, स्वर बदलून, नव्याने सुरुवात करावी लागली असती. मग दोन गाणी शेजारी शेजारी उभी राहिली असती आणि त्यांच्यातली दरी आणखी ठळक झाली असती. राग बदलला म्हणूनच दोन्हींतले नाते ऐकू आले.

दुसरा आक्षेप मराठी माणसाला जवळचा आहे. गाण्याला भाषा लागतच नाही, असे म्हणणारे लोक चेन्नईतल्या मैफलींकडे बोट दाखवतात. तिथे अरुणा साईराम किंवा रंजनी-गायत्री अभंग गातात आणि मराठीचे अक्षरही न कळणारे श्रोते विठ्ठलाच्या गजरात डोलतात. हे दृश्य खरे आहे आणि आनंदाचेही आहे. तंजावरच्या मराठी कीर्तनाने तिथल्या हरिकथेला साकी, दिंडी, ओवी, अभंग दिले, तेव्हा ही ओळख जुनीच आहे. पण अभंग येतो कधी? मैफलीच्या अखेरीस, तमिळ पदांना जिथे बसवले त्याच भागात. परकी भाषा कानाला गोड लागते की नाही, हा सिंधूचा प्रश्नच नव्हता. ज्या लोकांच्या गावात सभा भरते त्यांच्या भाषेला मुख्य आसनावर जागा का नाही, हे ती विचारत होती. अभंगावरच्या टाळ्यांनी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

चित्रपट पुढे आपल्याच प्रश्नाशी प्रामाणिक राहत नाही, हा तिसरा आक्षेप मला मान्य आहे. उत्तरार्धात कथा विवाहबाह्य संबंध, दारू आणि त्याग यांत अडकते. प्रश्न विचारणारी स्त्री आपले मूल सोपवून दूर निघून जाते आणि गायकाचा संसार सावरतो. तिच्या प्रश्नाचा धागा पटकथेत हरवतो. संगीतात मात्र तो शेवटपर्यंत आहे. एकाच चित्रपटात दीक्षितरांचे 'महागणपतिम्', भारतींचे तमिळ काव्य, वैरमुत्तुंची गीते आणि दारुड्याचे गाणे मांडीला मांडी लावून बसतात आणि कशाचीही चाल हलक्या हाताने केलेली नाही. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीत इलैयाराजांचे, पार्श्वगायन 'पाडरियेन'साठी चित्रा यांचे आणि अभिनय सुहासिनी यांचा, असे तीन सन्मान या चित्रपटाला मिळाले. त्यांतले पहिले दोन मला अधिक न्याय्य वाटतात.

महाराष्ट्राने हे काम रंगभूमीवर फार आधी केले होते. १८८०च्या 'शाकुंतल'मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी कर्नाटकी चाली आणि कीर्तनातल्या साक्या एकाच प्रयोगात आणल्या. १९१६च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींच्या चालींवर खाडिलकरांचे मराठी शब्द बसवले आणि तिकीट काढून आलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या ओठांवर राग आले. मूळ बंदिशींचे त्यात काहीच बिघडले नाही. पुढे कुमार गंधर्वांनी माळव्यातल्या लोकधुनांमधून राग उभे केले. एवढा वारसा असूनही आपल्या मैफलीत मराठी पद आजही बहुधा ख्याल आटोपल्यावरच येते आणि ख्यालाची बंदिश मराठीत ऐकायला मिळणे दुर्मिळच. तेव्हा सिंधूचा प्रश्न चेन्नईच्या सभेला उद्देशून होता असे समजून आपण मोकळे होऊ नये. 'पाडरियेन' शांतपणे, शेवटची कृती येईपर्यंत ऐका. मग आपल्या शहरातल्या संगीत मंडळाला विचारा की येत्या मोसमात एखाद्या गायकाला मराठी बंदिशीतला विलंबित ख्याल मैफलीच्या सुरुवातीलाच गायला सांगाल का.