तिचा आजार तिला सांगाल ना?

पाचगणीची सहल म्हटली की टेबललँड, घोड्यावरची रपेट आणि स्ट्रॉबेरी हमखास आठवते. पण मैत्रिणींनो, महाबळेश्वर तालुक्यातल्या या गावात एकेकाळी माणसं मौजेसाठी नाही, तर जगण्याच्या आशेनं येत होती. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी इथं क्षयरोग्यांसाठी 'बेल एअर' आरोग्यधाम सुरू केलं. क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. मधली तीस वर्षं डॉक्टरांच्या हाती होतं तरी काय? मोकळी हवा, ऊन, विश्रांती, सकस जेवण आणि मायेची देखभाल! पुढे एचआयव्ही आला. घरच्यांनीही दूर लोटलेल्या त्या रुग्णांना याच रुग्णालयानं जवळ केलं.

'बरं करता येत नाही' म्हणजे 'काहीच करता येत नाही' असं नाही, हे आपल्या डोंगरावर शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. मग आपल्या घरात ते अजून का कळत नाही?

घरातली बाई गंभीर आजारी पडली की काय होतं, आठवून पाहा. रिपोर्ट नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. डॉक्टरांचं बोलणं दाराबाहेर. आणि तिला काय सांगतात? "काही नाही गं, साधी गाठ आहे." सगळे तिच्यासमोर हसतात आणि मोरीत जाऊन रडतात. अहो, नुसत्या वासावरून भाजीत मीठ कमी आहे हे ओळखणारी बाई घरच्यांचे चेहरे ओळखणार नाही?

वाईच्या माझ्या मावशीनं ओळखलंच. मुलाला समोर बसवून ती म्हणाली, "खरं काय ते सांग. मला कामं उरकायची आहेत." तो रडला, पण त्यानं सांगितलं. मग तिनं पोस्टाचं पासबुक आणि घराचे कागद काढले. नातीसाठी घेतलेली गोधडी पुरी केली. कित्येक वर्षं अबोला धरलेल्या जावेला चहाला बोलावलं. क्षेत्र महाबळेश्वरला जाऊन पंचगंगेच्या देवळात निवांत बसून आली. दुखणं होतंच, रात्री वाईट जायच्या. पण ते पाच महिने तिचे स्वतःचे होते. न सांगता गेली असती तर तेही आपण तिच्याकडून काढून घेतले असते.

"सांगितलं तर खचेल," असं म्हणतात. खचेलही चार दिवस. एखादीला जाणून घ्यायचं नसेल, तर तिचं तेही ऐकावं. पण निदान तिला विचारा तरी!

आणि स्वीकारणं म्हणजे उपचार सोडून अंथरूण धरणं नव्हे. वेदना सोसत राहणं तर मुळीच नव्हे. सिसिली साँडर्स या आधी परिचारिका आणि मग डॉक्टर झालेल्या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं ते यासाठीच. दुखणं शरीराचं असतं तसं मनाचं, पैशाचं, नात्यांचंही असतं, असं त्या मानत. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून 'शांती अवेदना सदन' आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. दोन्हीकडे कॅन्सरच्या रुग्णांची मोफत काळजी घेतली जाते. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तुमच्या जिल्हा रुग्णालयात ती सोय आहे का, हे जरूर विचारा. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मॉर्फिन असह्य वेदनेवर चांगलं काम करतं. २०१४ मध्ये कायदा बदलल्यानंतर ते मिळवण्याचे नियमही सोपे झाले.

आणखी एक. शेवटी यंत्रांवर ठेवायचं की नाही, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं.

लेकीच्या लग्नाची यादी आपण वर्षभर आधी करतो. मग हेही धडधाकट असतानाच बोलून घ्यायला काय हरकत आहे? आज रात्री जेवणं झाल्यावर घरच्यांना एवढंच सांगा, "माझं काही दुखलं-खुपलं, तर डॉक्टर काय म्हणाले ते आधी मला सांगायचं."